दिव्यावरची काळी टेप



गेल्या डिसेंबरात चार दिवसांची सुट्टी काढून मी हैदराबादहून आदिलाबादला घरी गेलो होतो. सकाळी आईला देवळात सोडायला बाबांनी गाडी काढली आणि मी शेजारी बसलो. किल्ली फिरवली की समोरच्या पॅनेलवर सगळे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झालं की विझतात. त्यातला एक दिवा मला दिसलाच नाही. वाकून पाहिलं, तर त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवलेला होता.

"बाबा, हे काय?"

"काही नाही रे. तो पिवळा दिवा सारखा लागून राहायचा. रात्री डोळ्यावर येते. गाडी तर चालूच आहे न."

मी टेप काढली. खाली चेक इंजिनचा दिवा स्वस्थ पेटलेला होता. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाले, "दिवाळीपासून असंल." आमचं फोनवर रोज बोलणं होतं. जेवण झालं का, थंडी किती, कापसाला भाव काय, सगळं निघतं. पण हा दिवा काही कधी बोलण्यात आला नव्हता.

बाबा मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. गाडी २०१८ ची, पेट्रोलवर चालणारी, लहान. आठवड्यातून दोनदा बेला मंडलातल्या शेतावर, बाकी गावात बाजार, देऊळ, बँक. आणि यंदा एक मोठं काम होतं. संक्रांतीनंतर आठवड्याने आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला ठरलं होतं. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि बाबा स्वतः गाडी नेणार होते. त्यामुळे दिव्याचं काय ते लावून टाकायला हवं होतं.

बाबांनी अगदीच दुर्लक्ष केलं होतं असंही नाही. बाहेरगावी एका गॅरेजमध्ये त्यांनी दाखवलं होतं. तिथे सांगितलं, की दोन्ही सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावं लागेल, बेचाळीस हजार लागतील. नाहीतर बल्बच काढून देतो. बाबांनी मधला मार्ग काढला आणि दहा रुपयांची टेप आणली.

गाडीची जीभ

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाडी दुरुस्त करणं हा माझा विषय नाही. पण बिघाड शोधणं हे रोजचं काम आहे, त्यामुळे हुरूप आला. २०१३ पासून आपल्याकडच्या बीएस-४ गाड्यांत ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा असते. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ अॅडाप्टर खोचला, की गाडीच्या कॉम्प्युटरने म्हणजे ईसीयूने नोंदवलेले बिघाड मोबाइलवर दिसतात. साधा अॅडाप्टर हजार रुपयांच्या आत येतो. माझ्याकडे होता. कोड निघाला पी०१३५.

हा कोड ऑक्सिजन सेन्सरचा. सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनच्या जवळ, स्पार्क प्लगसारखा दिसणारा एक भाग आटे देऊन बसवलेला असतो, तोच हा सेन्सर. याचं काम सोपं करून सांगायचं तर आई भाजी करताना करते ते. ती मीठ मोजून घालत नाही, चाखते. कमी वाटलं तर चिमूट टाकते. हा सेन्सर म्हणजे गाडीची जीभ. तो जळून आलेल्या धुराची चव घेतो आणि ईसीयूला सांगतो, की पेट्रोल जास्त झालं की कमी.

पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. सेन्सरच्या आत झिर्कोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची टोपी असते. तिच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की तिथे विजेचा दाब तयार होतो. पेट्रोल जास्त झालं तर धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही आणि सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो. पेट्रोल कमी पडलं तर ०.१ व्होल्ट. ईसीयू हे पाहून पेट्रोल किंचित वाढवतो, किंचित कमी करतो. म्हणून चांगल्या सेन्सरचा आकडा गरम इंजिनवर सतत खालीवर होत असतो. तो हलत राहणं हीच त्याची तब्येत चांगली असल्याची खूण.

यामागचं सूत्र वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलं. याच माणसाने पुढे झिर्कोनियाची कांडी तापवून उजेड देणारा दिवा केला होता. त्यांना रसायनशास्त्राचं १९२० सालचं नोबेल मिळालं. त्या सूत्रावर चालणारा बॉश कंपनीचा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांत प्रथम बसवला, कारण तिथले धुराचे नियम कडक झाले होते. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याबरोबर शिसं नसलेलं पेट्रोल आलं, कारण शिशाने तो कन्व्हर्टर निकामी होतो. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर लागू झालं. म्हणजे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठी निघालेली गोष्ट आता आदिलाबादच्या आमच्या अंगणात उभी आहे.

झिर्कोनियाची एक अडचण आहे. थंड असताना त्याला चवच कळत नाही. तीनशे अंशांच्या वर तापलं तरच ते काम करतं. धुराने तापायला काही मिनिटं लागतात, म्हणून सेन्सरच्या आत एक छोटा हीटर असतो. गाडी सुरू झाली की तो सेन्सरला लवकर तापवतो. पी०१३५ हा कोड या हीटरबद्दलचा. पूर्ण वाक्य असं: हीटर सर्किट, बँक १, सेन्सर १. सेन्सर १ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा, इंजिनकडचा. कन्व्हर्टरच्या नंतर आणखी एक असतो, तो सेन्सर २. त्याच्या हीटरचा कोड वेगळा, पी०१४१.

तेव्हा एवढं तर तिथल्या तिथे कळलं, की बेचाळीस हजारांच्या यादीतल्या कन्व्हर्टरबद्दल आमच्या गाडीची काही तक्रार नव्हती. त्याचा कोड बहुधा पी०४२० असतो, तो आलाच नव्हता.

बाबांचं म्हणणं होतं, की गाडी गावात फार पेट्रोल खाते. "ते इथेनॉलचं पेट्रोल आलं न, तेव्हापासून." इथेनॉलमुळे मायलेज थोडं कमी होतं हे खरं आहे, कारण त्यात ऊर्जा कमी असते. पण मग ते सगळीकडे कमी व्हायला हवं. बाबांना खोदून विचारलं, तर हायवेला गाडी पूर्वीसारखीच १९ देत होती. गावात मात्र १७ वरून १३ वर आली होती. यात खरा सुगावा होता. हीटर बंद असला की थंड सेन्सर पहिली काही मिनिटं आंधळा राहतो. तोवर ईसीयू अंदाजाने पेट्रोल घालतो, आणि अंदाज थोडा जास्तीचाच असतो. हायवेवर गरम धुराने सेन्सर तापतो आणि पुढे सगळं ठीक चालतं. पण घर ते बाजार दोन किलोमीटर जायचं, गाडी बंद करायची, तासाने परत यायचं, आणि तेही आदिलाबादच्या डिसेंबरात! तेलंगणातल्या थंडीच्या बातमीत दरवर्षी आपलंच नाव असतं. अशा फेऱ्यांत सेन्सर तापायच्या आधीच घर येतं.

माझ्या दोन चुका

इथपर्यंत ठीक होतं. पुढे मी चुकत गेलो.

पहिली चूक अशी, की मी मोबाइलवरचं 'क्लिअर' बटण दाबून कोड पुसून टाकला. दिवा विझला. बाबा खूश. "झालं न? उगाच बेचाळीस हजार सांगत होते." मीही छाती फुगवून हैदराबादला परतलो. चौथ्या दिवशी फोन आला, दिवा पुन्हा लागला. बरेचसे बिघाड ईसीयू लागोपाठ दोन फेऱ्यांत पाहतो आणि मगच दिवा लावतो, त्यामुळे दिवा विझला म्हणजे बिघाड गेला असं नसतं. शिवाय कोड पुसला, की बिघाड नोंदला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, ही ईसीयूने जपून ठेवलेली नोंदही पुसली जाते. ऑफिसात एखाद्या नव्या मुलाने लॉग न वाचता डिलीट केले असते, तर मी त्याला ऐकवलं असतं.

दुसरी चूक महाग पडली. कोड सेन्सरचा आहे तर सेन्सरच बदलू, असं ठरवून मी हैदराबादला ३,८०० रुपयांचा नवा सेन्सर घेतला आणि संक्रांतीला घरी घेऊन गेलो. कोडच्या वाक्यात 'सर्किट' असा शब्द होता. मी फक्त 'सेन्सर' वाचला.

बसवायला आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना गावातले सगळे चाचा म्हणतात. बाबांच्या स्कूटरपासून त्यांचा हात आहे. चाचांनी नवा सेन्सर पाहिला आणि एवढंच विचारलं, "पुराना चेक किए क्या बेटा?" मी मोबाइल दाखवला. "कोड आया है चाचा." ते काही बोलले नाहीत.

सेन्सर बदलणं तसं अवघड नाही, पण काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. इंजिन कोमट असताना आटे लवकर सुटतात, पण पाइप तापलेला असेल तर हात भाजतो, म्हणून चाचांनी अर्धा-पाऊण तास थांबवलं. गंज सोडवणारं तेल मारलं. सेन्सरला वायर असते, म्हणून त्याचा बॉक्स पाना एका बाजूने चिरलेला असतो, २२ मिलीमीटरचा. नव्या सेन्सरच्या आट्यांना थोडं ग्रीससारखं मलम लावतात, पण ते टोकाला लागू द्यायचं नाही. टोकाला बोटही लावायचं नाही. जवळपास सिलिकॉनचा सीलंट वापरायचा नाही, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. आणि गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जायचं नाही, खाली भक्कम स्टँड हवेतच.

तासाभरात काम झालं. दिवा विझला. मी चाचांचे पैसे दिले, आईने त्यांना तिळाचे लाडू दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा पुन्हा लागला. कोड तोच, पी०१३५.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून काळ्या टेपचा रोल काढून टीपॉयवर ठेवला. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आईच्या ऑपरेशनला पाच दिवस राहिले होते. आई म्हणाली, "आपण बसने जाऊ. तुम्ही दोघं त्या गाडीच्या मागे लागू नका." ऑपरेशन झाल्यावर डोळ्याला पट्टी, गर्दी, धूळ, बसचे धक्के. तसं काही होऊ द्यायचं नव्हतं. मी ऑफिसला कळवून घरूनच काम सुरू केलं आणि पुन्हा चाचांकडे गेलो.

मल्टिमीटर आणि बल्ब

या वेळी मी मोबाइल खिशात ठेवला आणि मल्टिमीटर घेऊन गेलो. सेन्सरला चार वायरी असतात. आमच्या सेन्सरच्या दोन एकाच रंगाच्या आहेत, त्या हीटरच्या. उरलेल्या दोन सिग्नलच्या. कनेक्टर काढला आणि आधी करायला हवं होतं ते आता केलं.

जुन्या सेन्सरच्या हीटरचा रोध मोजला. ६.२ ओहम. हीटर तुटलेला असता तर मीटरने अनंत दाखवलं असतं. नव्याचा मोजला, ६ ओहम. म्हणजे जुना सेन्सर मेलाच नव्हता. माझे ३,८०० रुपये त्या एका आकड्यात गेले.

मग फ्यूज पाहिला. चांगला होता. मग गाडीकडून येणाऱ्या कनेक्टरवर इंजिन चालू ठेवून व्होल्ट पाहिले. मीटरने १२ च्या वर दाखवले. वीज येते आहे, हीटर चांगला आहे, फ्यूज चांगला आहे. तरी कोड येतो. आता उरला ईसीयू, आणि त्याची किंमत ऐकूनच पोटात गोळा येतो. मी चाचांना म्हणालो, "चाचा, करंट तो बराबर आ रा."

चाचा उठले. भिंतीवरच्या खिळ्याला एक होल्डर लटकत होता. त्याला इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब आणि दोन लांब वायरी. त्यातली एक वायर त्यांनी मी व्होल्ट मोजले होते त्याच पिनेला लावली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब लागला, पण उदबत्तीच्या टोकासारखा लालसर. तीच वायर त्यांनी सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावली. बल्ब लख्ख पेटला.

"देखा? बोलने को आ रा. काम करने को नहीं आ रा."

मी तिथे उभा राहून ओहमचा नियम आठवत होतो. बारावीत शिकलो, बीईला पुन्हा शिकलो. मल्टिमीटर व्होल्ट मोजताना जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह ओढत नाही. त्याचा रोध एक कोटी ओहम धरला तर १२ व्होल्टला अँपिअरचा दहा लाखावा भाग. वायरची एकच तार शिल्लक असली तरी तेवढं सहज पोचतं आणि मीटर म्हणतो, सगळं ठीक आहे. पण सहा ओहमच्या हीटरला लागतात दोन अँपिअर. ते ओढायला गेलं, की त्या एका तारेवरच सगळा दाब खर्च होतो. चाचांचा २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे जवळपास हीटरएवढाच. त्यामुळे खरं काय ते त्याने लगेच दाखवलं.

आता शोधायचं होतं, की वायर कुठे कमजोर आहे. कनेक्टरपासून मागे फ्यूजच्या डब्याकडे टप्प्याटप्प्याने बल्ब लावत गेलो. डब्यापाशी लख्ख, मधल्या वळणाच्या आधी लख्ख, वळणानंतर लाल. त्या वळणावर, काचेच्या वायपरखाली जिथे पाला साचतो, तिथे वायरींच्या जुडग्यावरचं काळं आवरण उघडलं. आत पांढराशुभ्र कापूस होता.

बेल्याच्या शेतावर बाबा गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावतात. दिवाळीच्या सुमारास त्याच शेडमध्ये वेचणीचा कापूस रचलेला असतो, भाव बरा मिळेपर्यंत. उंदराने तिथला कापूस नेऊन आमच्या इंजिनाच्या ऊबेत घर केलं होतं, आणि जाता-येता वायर कुरतडली होती. दोन-तीन तारा उरलेल्या, त्याही हिरव्या पडलेल्या. दिवाळीपासून दिवा लागत होता, त्याचं कारण हे होतं.

चाचांनी वायर कापली, त्याच जाडीचा वीतभर तुकडा मध्ये घातला, डाग दिला, वरून उष्णतेने आवळली जाणारी नळी चढवली आणि जुडगं पुन्हा गुंडाळलं. मग तोच बल्ब लावला. लख्ख. मजुरी दोनशे रुपये सांगितली. मी जास्त देऊ केले, तर बाबांकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पोराला सांगा, दोनशे म्हणजे दोनशे." माझ्याशी हिंदीत बोलणारे चाचा बाबांशी मराठीत बोलतात. त्यांची दोन्ही मुलं बाबांच्या हाताखाली शिकली.

तुमच्या गाडीत हा दिवा लागला तर

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील गावी जुनी गाडी चालवतात, आणि आपण शहरातून फोनवर सल्ले देतो. म्हणून माझ्या चुकांतून आलेला क्रम लिहून ठेवतो.

पिवळा दिवा स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही, गाडी चालवत घरी येता येतं, पण आठवड्याभरात दाखवा. तोच दिवा लुकलुकत असेल तर बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता बाहेर जातं आहे. त्याने कन्व्हर्टर जळून जातो, म्हणून वेग कमी करून गाडी थांबवा. लाल दिवा, तेलाचा किंवा तापमानाचा, लागला तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

कोड काढला की आधी तो लिहून घ्या किंवा फोटो काढा. त्याच्यासोबतची नोंद वाचल्याशिवाय पुसू नका. कोड कोणत्या भागाबद्दल तक्रार आहे ते सांगतो, दोष कोणाचा ते सांगत नाही.

हीटरचा कोड असेल तर फ्यूज, मग हीटरचा रोध, मग वायरीवर बल्ब लावून वीज, हा क्रम. थंड सेन्सरच्या हीटरचा रोध साधारण २ ते १५ ओहमच्या दरम्यान असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. मीटर अनंत दाखवत असेल तर सेन्सर खरोखर गेला, बदला. बल्ब फक्त हीटरच्या वायरींवर लावायचा, सिग्नलच्या वायरीवर कधीही नाही. ईसीयू बिघडेल. कोणती वायर कोणती हे माहीत नसेल तर हे काम मिस्त्रींनाच करू द्या.

हीटर ठीक आहे आणि तरी मायलेज कमी असेल, तर इंजिन गरम झाल्यावर मोबाइलवर सेन्सर १ चा आकडा पाहा. तो ०.१ ते ०.९ च्या मध्ये झपाझप हलायला हवा. एकाच जागी अडकला असेल किंवा सुस्तावला असेल तर सेन्सर म्हातारा झाला. लाख-दीड लाख किलोमीटरनंतर ते साहजिक आहे. कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सर २ चं उलट असतं. त्याचा आकडा स्थिर असणं चांगलं. काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, त्याला हे आकडे लागू होत नाहीत.

कन्व्हर्टर बदलायला कोणी सांगितलं तर कोणत्या कोडवरून, ते विचारा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. तो काढून टाकायला तर कधीच हो म्हणू नका. आपण सोडलेला धूर आपल्याच गल्लीतली मुलं घेतात.

आणि गाडी कापसाच्या किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभी राहत असेल, तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहा.

नागपूरचा रस्ता

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. मी सोबत होतोच. अंगणात गाडी सुरू केली आणि मी मोबाइल उघडला. थंडी कडाक्याची, इंजिन गार. अर्ध्या मिनिटाच्या आतच सेन्सरचा आकडा हलायला लागला. बाबांनी विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "चव कळायला लागली." पैनगंगा ओलांडून पांढरकवड्यापर्यंत पोचलो तेव्हा उजाडत होतं.

रस्त्यात आई सहज बोलली, की समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती तिला नवरात्रापासून मोठी वलयं दिसत होती. नवरात्रापासून! आम्हाला कळलं डिसेंबरात, ती देवळाच्या पायरीवर अडखळली तेव्हा. मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही कामात असता. आणि दिसत तर होतं न."

गाडी तर चालूच आहे न. दिसत तर होतं न. बाबांनी निदान टेप लावली होती, ती मला दिसली तरी.

ऑपरेशन चांगलं झालं. आता गावातलं मायलेज १६ च्या वर आहे. बाबांनी शाळेच्या हजेरीपटासारखी वही आखली आहे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, शेरा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिचा फोटो येतो. गेल्या महिन्यापासून शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक ओळ असते, आईच्या बीपीची. मी मागितली नव्हती, त्यांनीच सुरू केली.

मी फोनवर "सगळं ठीक ना?" असं विचारणं आता कमी केलं आहे. त्या प्रश्नावर मल्टिमीटरसारखं "ठीक" असंच उत्तर येतं. त्याऐवजी मी विचारतो, या आठवड्यात कुठे कुठे गेला होता, जिना चढलात का, रात्री किती वेळा उठलात. उत्तर द्यायला त्यांना थोडा वेळ लागतो. मी थांबतो.